निर्धूर वाहने आणि निराधार उतारू

सरकारी धोरण एखाद्या नव्या शब्दाच्या नादी लागले, म्हणजे त्या शब्दाचा अर्थ विचारणारा मनुष्य अरसिक ठरतो. ‘शून्य उत्सर्जन’ हा असाच एक शब्द गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्याकडे रूढ झाला आहे. ज्या वाहनाच्या नळीतून धूर निघत नाही ते शून्य उत्सर्जनाचे वाहन, ही त्याची व्याख्या. आणि असे वाहन विकत घेणारा तो लोकोपकारकर्ता, म्हणून राज्याच्या कृपेस पात्र, हा तिच्यापासून काढलेला सिद्धान्त. व्याख्येविषयी आमची तक्रार थोडी आहे. सिद्धान्ताविषयी मात्र ती पुष्कळ आहे, आणि ती स्पष्ट शब्दांत मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. सरकार वाहनाचा धूर मोजते. वाहनात माणसे किती बसली आहेत हे मोजत नाही. या एका चुकीच्या मापाने विजेच्या वाहनांचे सबंध धोरण वाकडे झाले आहे, आणि ज्या सार्वजनिक बसच्या नावाने त्याचा डांगोरा पिटला जातो, त्या बसचा उतारूच त्यात निराधार झाला आहे, असे आमचे म्हणणे आहे.

प्रथम या नवलाईचे नवेपण किती ते पाहू. विजेवर चालणारे सार्वजनिक वाहन ही काही एकविसाव्या शतकाची देणगी नव्हे. मुंबईत १८७४ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली व ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावू लागली. कलकत्त्यात तर ती त्यापूर्वीच, १९०२ साली, विजेवर आली होती. म्हणजे मुंबईच्या रस्त्यांवर पेट्रोलवर चालणारी पहिली सार्वजनिक बस १९२६ साली अवतरली, तेव्हा विजेच्या ट्रामला एकोणीस वर्षे होऊन गेली होती. पुढे १९६२ साली मुंबईत तारेवरच्या विजेवर चालणारी ट्रॉलीबस आली. मग आपण काय केले? ३१ मार्च १९६४ रोजी मुंबईची शेवटची ट्राम धावली आणि १९७१ साली ट्रॉलीबसही बंद झाली. ट्राम हळू चालते, रस्ता अडविते, मोटारींस वाट देत नाही, हा तिच्यावरचा आरोप होता. ज्या वाहनात शेकडो माणसे बसतात त्याने एकेकट्या माणसाच्या वाहनास वाट करून द्यावी, हा न्याय तेव्हा जो प्रतिष्ठित झाला तो आजतागायत सिंहासनावर बसून आहे.

कलकत्त्याचे उदाहरण तर याहून बोलके आहे. तेथील ट्राम कशीबशी तग धरून होती. २०२४ च्या सप्टेंबरात पश्चिम बंगालच्या सरकारने एस्प्लनेड ते मैदान एवढा एक शोभेचा तुकडा ठेवून बाकीची ट्राम बंद करण्याचा मनोदय जाहीर केला. कारण तेच, रस्त्यावर गर्दी होते. शतकाहून अधिक काळ धूर न सोडता माणसे वाहणारे वाहन मोडीत काढावयाचे, आणि त्याच शहरासाठी विजेच्या बसगाड्यांच्या निविदा काढावयाच्या! घरची गाय कसायास देऊन दुधासाठी गवळ्याचे दार ठोठावण्यासारखाच हा प्रकार म्हटला पाहिजे. ज्यांना खरोखरच धुराचा तिटकारा आहे ते असे करीत नाहीत. ज्यांना नव्या वस्तूची खरेदी हेच धोरण वाटते, तेच असे करतात.

आता व्याख्येकडे वळू. मुंबईच्या ट्रामला वीज पुरविण्यासाठी १९०५ साली वाडीबंदर येथे वाफेवर चालणारे वीजघर उभारण्यात आले होते. ट्रामच्या मागे धूर दिसत नसे. तो वाडीबंदरास निघत असे. आजही हिंदुस्थानात निर्माण होणाऱ्या विजेपैकी सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशापासून होते. तेव्हा विजेच्या गाडीचा धूर नाहीसा झाला असे म्हणण्यापेक्षा तो दूर गेला असे म्हणणे अधिक सत्य होईल. तो दादरहून चंद्रपुरास गेला, आणि चंद्रपूरच्या माणसासही फुप्फुसे असतात. शिवाय रबरी चाकांची व गतिरोधकांची झीज होऊन उडणारी बारीक धूळ विजेच्या गाडीमागेही उडतेच.

तथापि एवढ्यावरून विजेची गाडी म्हणजे थोतांड, असा निष्कर्ष जे काढतात त्यांच्या पंक्तीस आम्ही बसणार नाही. गर्दीच्या रस्त्यावर, मुलांच्या नाकाशी सोडलेला डिझेलचा धूर आणि दूरच्या धुराड्यातून उंच सोडलेला धूर यांत आरोग्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. वीजघर एक असते, त्यावर देखरेख करता येते; गाड्या लाखो असतात. पुढेमागे वीज सूर्यापासून व वाऱ्यापासून मिळू लागेल तसतशी तीच गाडी आपोआप अधिक निर्मळ होईल, हेही खरे आहे. म्हणून विजेच्या वाहनास आमचा पाठिंबा आहे. परंतु वीज कोळशाची असो वा सूर्याची, ती फुकट येत नाही. ती खर्चून किती माणसे किती दूर नेली, हाच वाहतुकीतील खरा हिशेब होय.

तो हिशेब शाळेतल्या मुलासही करता येईल. बारा मीटर लांबीची विजेची बस एका किलोमीटरास साधारणपणे सव्वा युनिट वीज खाते. तीत चाळीस माणसे धरली तर दरडोई युनिटाचा बत्तिसावा हिस्सा पडतो. विजेची मोटार एका किलोमीटरास युनिटाचा सुमारे सातवा हिस्सा घेते, आणि आपल्या मोठ्या शहरांत सकाळी कचेरीच्या वेळी मोटारीत बहुधा एकच गृहस्थ बसलेले दिसतात. म्हणजे बसच्या उतारूच्या चौपटीहून अधिक वीज त्या गृहस्थांना लागते. रस्त्याचे पाहावे तर बस बारा मीटर जागा अडविते. तीच चाळीस माणसे एकेकट्याने मोटारीतून निघाली तर चार चार मीटरांच्या चाळीस मोटारी एकीस एक लावून उभ्या केल्या तरी एकशे साठ मीटर रस्ता भरतो. त्या मोटारी पेट्रोलवर चालोत वा विजेवर, हे मीटर कमी होत नाहीत. या गर्दीत अडकून पडलेली बस वेळेवर येत नाही, वेळेवर न येणारी बस उतारू सोडून देतो, आणि सोडणाऱ्यांपैकी ज्याला शक्य असते तो स्वतःचे वाहन घेतो. म्हणजे खाजगी निर्धूर मोटारीस दिलेले उत्तेजन हे कित्येक वेळा सार्वजनिक बसच्या मुळावर घातलेला घाव असते.

हे सरकारास कधीच कळले नव्हते असे नाही. विजेच्या वाहनांसाठी केंद्र सरकारची जी योजना १ एप्रिल २०१९ पासून ३१ मार्च २०२४ पर्यंत ‘फेम’च्या दुसऱ्या टप्प्याच्या नावाने चालली, तिच्यात तीनचाकी व चारचाकी वाहनांचे अनुदान मुख्यत्वे सार्वजनिक वा भाड्याच्या वाहनांपुरतेच ठेवले होते, आणि ७,०९० बसगाड्यांचे लक्ष्य ठरविले होते. तिच्यामागून सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेच्या १०,९०० कोटी रुपयांपैकी ४,३९१ कोटी रुपये १४,०२८ बसगाड्यांसाठी राखून ठेवले आहेत, व खाजगी मोटारीस तीत वाटा नाही. ही दिशा योग्य होती व तिच्याबद्दल केंद्र सरकारचे अभिनंदन करण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. परंतु एका हाताने बांधलेली गाठ दुसऱ्या हाताने सोडावी, तसे कराच्या बाबतीत झाले.

१ ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या वाहनावरील वस्तू व सेवा कर बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. गाडी दहा लाखांची असो वा एक कोटीची, कर पाचच टक्के. नगरपालिकांनी विजेच्या बसगाड्या भाड्याने घेतल्यास त्या भाड्यावर कर नाही, अशी सवलत त्याच वेळी दिली गेली, हे नमूद केले पाहिजे. परंतु ज्या गावात अद्याप विजेची बस पोचलेली नाही तेथील डिझेलवर चालणाऱ्या बसवर २०२५ च्या सप्टेंबरापर्यंत अठ्ठावीस टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो अठरा टक्के झाला. आणि सायकल? जिला ना पेट्रोल लागते ना कोळशाची वीज, जी एके काळी पुण्याचे भूषण होती व आजही मजुराचे व शाळकरी मुलाचे वाहन आहे, त्या सायकलीवर त्याच सप्टेंबरापर्यंत बारा टक्के कर होता! म्हणजे सहा वर्षे या देशात असा कायदा होता की, कोट्यधीशाच्या विजेच्या मोटारीवर पाच टक्के, दुधवाल्याच्या सायकलीवर बारा टक्के, आणि पन्नास माणसांच्या बसवर अठ्ठावीस टक्के. शून्य उत्सर्जनाचे एवढे वेड असते, तर जे वाहन खरोखरच शून्यास जाऊन पोचले आहे त्याच्यावर ही वक्रदृष्टी कशासाठी?

ही झाली दिल्लीची गोष्ट. आता मुंबईची ऐका. कारण २०२५ च्या वसंतात आपल्या राज्यात जे तीन निर्णय एकामागून एक झाले, ते शेजारी शेजारी ठेवून वाचले म्हणजे आमच्या आरोपाला दुसऱ्या पुराव्याची गरज उरत नाही.

पहिला निर्णय मार्चमधला. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात तीस लाखांहून अधिक किमतीच्या विजेच्या मोटारीवर सहा टक्के कर सुचविण्यात आला होता. तीस लाखांची मोटार घेणारा मनुष्य सहा टक्क्यांनी भिकेस लागत नाही. तरी महिना संपण्यापूर्वीच, या करापासून उत्पन्न विशेष होणार नाही असे सांगून मुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत तो न लावण्याचे जाहीर केले. दुसरा निर्णय २९ एप्रिलचा. त्या दिवशी मंत्रिमंडळाने विद्युत् वाहनांचे नवे धोरण मंजूर केले. ते ३१ मार्च २०३० पर्यंत चालावयाचे असून त्यासाठी १,९९३ कोटी रुपयांची तरतूद आहे. त्यात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतू या तिन्हींवर विजेच्या मोटारींस व बसगाड्यांस पथकर पूर्ण माफ केला आहे. अटल सेतूवर ही माफी २२ ऑगस्ट २०२५ पासून अमलात आली. तिसरा निर्णय ९ मेचा. मंत्रिमंडळाच्या त्या बैठकीनंतर दहाच दिवसांनी मुंबईच्या ‘बेस्ट’च्या बसचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये, आणि वातानुकूलित बसचे सहावरून बारा रुपये झाले.

हे तिसरे काम महानगरपालिकेच्या उपक्रमाचे, राज्य सरकारचे नव्हे, असे कोणी सांगू पाहील. परंतु त्या वेळी मुंबई महानगरपालिकेत लोकनियुक्त सभा नव्हती. मार्च २०२२ पासून सरकारने नेमलेला प्रशासकच कारभार पाहत होता. तेव्हा हा हात आमचा व तो हात दुसऱ्याचा, ही सबब चालण्यासारखी नाही. आणि वातानुकूलित बस म्हणजे कोणती? मुंबईतील विजेच्या बस बहुतेक याच जातीच्या आहेत. म्हणजे ज्या निर्धूर वाहनात चाळीस-पन्नास माणसे बसतात त्याचे भाडे दुप्पट, आणि ज्या निर्धूर वाहनात एकच गृहस्थ बसतात त्याचा पथकर माफ! यालाच जर सामायिक वाहतुकीस उत्तेजन म्हणावयाचे, तर शब्दांचे अर्थ आम्हांस नव्याने शिकावे लागतील.

अटल सेतूची गोष्ट थोडी अधिक पाहण्यासारखी आहे. हा सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला, तेव्हा मोटारीस एका खेपेचा २५० रुपये पथकर ठरविण्यात आला. सेतूवर मोटारसायकलीस, रिक्षास व पादचाऱ्यास मज्जाव आहे. द्रुतगती मार्गावरही मोटारसायकल व रिक्षा चालत नाहीत. म्हणजे हप्त्यावर विजेची स्कूटर घेणारा कारकून किंवा विजेची रिक्षा चालविणारा गृहस्थ या माफीचा लाभ घेऊच शकत नाही. त्याला त्या रस्त्यावर पाऊलही टाकता येत नाही. माफी बसलाही आहे, हे खरे. पण त्या वाटांवर विजेच्या बसगाड्या किती आणि विजेच्या मोटारी किती, हे तेथे घटकाभर उभे राहून कोणीही मोजावे. सोडून दिलेला पथकर आकाशातून भरून येत नाही. तो कर्जाच्या हप्त्यात, दुरुस्तीच्या खर्चात किंवा तिजोरीच्या दुसऱ्या एखाद्या कोपऱ्यातल्या काटकसरीत भरून काढावा लागतो, आणि काटकसरीची आठवण झाली की सरकारास बस प्रथम दिसते.

यावर एक पूर्वपक्ष नेहमी केला जातो, व तो विचारार्ह आहे. नवी वस्तू आरंभी महागच असते. धनिकांनी ती प्रथम घेतली म्हणजे कारखाने वाढतात, किंमत उतरते व मग ती सर्वांच्या आवाक्यात येते. म्हणून धनिकास दिलेली सवलत अखेर गरिबाच्याच पदरात पडते, असे हे म्हणणे आहे. किंमत मागणीने उतरते हे आम्हांस मान्य आहे. पण मागणी निर्माण करण्याचा तोच एक मार्ग आहे काय? चीनमधील शेंझेन नगरीने २०१७ साल संपण्यापूर्वी आपल्या सुमारे सोळा हजार बसगाड्यांचा सगळा ताफा विजेवर आणला. तेथे आरंभ झाला तो बसपासून. आपल्याच देशात २०२२ साली दिल्ली, कलकत्ता, बंगळूर, हैदराबाद व सुरत या पाच शहरांसाठी ५,४५० बसगाड्यांची एकगठ्ठा निविदा निघाली, तेव्हा बारा मीटरच्या बसचा नीचांकी दर किलोमीटरास ४३ रुपये ४९ पैसे निघाला; त्यापूर्वी एकेकट्या शहरांनी मोजलेले दर याहून पुष्कळ चढे होते. म्हणजे किंमत उतरविण्याचे काम सार्वजनिक मागणीने होते, अधिक वेगाने होते, आणि त्याचा लाभ पहिल्या दिवसापासून सामान्य उतारूस मिळतो. हा मार्ग डोळ्यांसमोर असता धनिकाच्या अंगणातून वळसा घेण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

परंतु बसगाड्यांची नुसती संख्या कागदावर लिहिली म्हणजे काम झाले असेही नव्हे. येथे आमचा दुसरा आक्षेप येतो. विजेची बस आज बहुतेक ठिकाणी सार्वजनिक संस्था विकत घेत नाहीत. ठेकेदार ती आणतो, चालकही त्याचाच, आणि संस्था त्यास किलोमीटरामागे पैसे मोजते. या पद्धतीस इंग्रजीवरून ‘वेट लीज’ म्हणतात; शब्दशः ओला भाडेपट्टा. ओलावा त्यात कोणासाठी आहे हे ठेकेदारास विचारावे. चालकाच्या व उतारूच्या वाट्यास तो कोरडाच आला आहे. दीड दशकापूर्वी ‘बेस्ट’च्या ताफ्यात चार हजारांहून अधिक बस होत्या. २०२५ साली तो ताफा तीन हजारांच्या आत आला, आणि त्यात संस्थेच्या स्वतःच्या मालकीच्या बस काही शेकडाच उरल्या. जुन्या बस वयोमानाने मोडीत निघत राहिल्या; नव्या ठेक्याच्या बस ठरल्या वेळी आल्या नाहीत; कित्येक ठेकेदार मुदतीपूर्वीच गाशा गुंडाळून गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये ठेक्याच्या बसवरील चालकांनी पगारवाढीसाठी संप केला, तेव्हा शहराच्या असे ध्यानी आले की, आपल्या बसचा चालक आता आपला नोकरच नाही.

९ डिसेंबर २०२४ रोजी रात्री कुर्ल्याच्या गर्दीत ठेक्याची एक विजेची बस माणसांवर व वाहनांवर गेली. सातांहून अधिक माणसे प्राणास मुकली व पुष्कळ जखमी झाली. ती बस धूर सोडीत नव्हती. सरकारी व्याख्येप्रमाणे ती निर्दोष होती. पण या स्वयंचलित जातीच्या जड गाडीचे शिक्षण तिच्या चालकास पुरेसे दिले गेले होते काय, हा प्रश्न दुसऱ्याच दिवसापासून सर्वतोमुखी झाला. व्यक्तीच्या अपराधाचा निर्णय न्यायालय करील. व्यवस्थेच्या अपराधाचा निर्णय मात्र लोकांनी करावयाचा आहे. ज्या व्यवस्थेत गाडीचे अनुदान मोजून मिळते आणि चालकाच्या शिक्षणाचे दिवस कोणी मोजीत नाही, त्या व्यवस्थेने निर्धूरपणाचा टिळा कपाळी लावून फिरावे हे आम्हांस लाजिरवाणे वाटते.

राज्याच्या एस. टी.चीही हीच कथा. १ जून १९४८ रोजी अहमदनगर-पुणे मार्गावर पहिली गाडी सोडून जिने खेड्यापाड्यांचा व शहराचा सांधा जोडला, त्या संस्थेने २०२३ साली ५,१५० विजेच्या बस भाड्याने घेण्याचा ठेका दिला. आकडा मोठा होता. वर्तमानपत्रांचे मथळेही मोठे झाले. मे २०२५ उजाडला तरी त्यांतल्या काही शेकडाच रस्त्यावर आल्या होत्या, आणि अखेर खुद्द परिवहनमंत्र्यांनाच तो ठेका रद्द करण्याची भाषा बोलावी लागली. या काळात तालुक्याच्या थांब्यावर उभ्या असलेल्या बाईने काय करावयाचे होते? तिला शून्य उत्सर्जनाची बस नको होती असे नाही. तिला बस हवी होती. जी बस आलीच नाही तिच्याही मागे धूर नसतो. पण त्या शून्याचा तिला काय उपयोग?

आता सामायिक वाहतुकीचा जो नवा प्रकार शहरांत बोकाळला आहे, म्हणजे दूरध्वनीच्या पडद्यावर बोट टेकून बोलाविलेली टॅक्सी, तिच्याविषयी दोन शब्द. दिल्ली सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये नियम केला की अशा कंपन्यांच्या सर्व गाड्या १ एप्रिल २०३० पर्यंत विजेच्या असल्या पाहिजेत. महाराष्ट्राने २०२५ साली मोटारसायकलीच्या टॅक्सीस परवानगी देताना ती विजेचीच असावी अशी अट घातली. हेतू चांगला आहे. पण या नियमांचे मापही गाडीच मोजणारे आहे. रिकामी टॅक्सी भाडे शोधीत फिरते तेव्हा तिच्या त्या किलोमीटरांचा हिशेब कोठे लागतो? एक माणूस नेणारी व चार माणसे नेणारी गाडी या नियमाच्या दृष्टीने सारखीच. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने हीच गोष्ट वेगळ्या रीतीने केली आहे. तेथील २०१८ च्या कायद्यास अनुसरून मे २०२१ मध्ये जो नियम मंजूर झाला, त्यात २०३० पर्यंत या कंपन्यांच्या धावेपैकी नव्वद टक्के धाव विजेच्या गाड्यांची असावी असे तर आहेच. पण त्याबरोबर दर प्रवाशामागे, दर मैलामागे किती कर्बवायू सोडला याची मर्यादाही घातली आहे. रिकाम्या फेऱ्या त्या हिशेबात कंपनीच्या नावे पडतात व गाडीत दुसरा प्रवासी घेतला तर त्याचे श्रेय मिळते. म्हणजे माणूस मोजण्याचे माप अस्तित्वात आहे, ते कायद्यात लिहिता येते, आणि मोटारीचे माहेरघर समजल्या जाणाऱ्या देशात ते लिहिले गेले आहे. आमच्याच सचिवालयात ते का पोचू नये?

त्यात आणखी एक अन्याय दडलेला आहे. कंपनीच्या नावाने धावणारी टॅक्सी बहुधा कंपनीची नसते. ती कर्ज काढून घेतलेली चालकाची असते. ‘गाड्या विजेच्या करा’ असा हुकूम कंपनीस सुटतो आणि नवे कर्ज चालकाच्या डोक्यावर बसते. गाडी विजेने भरण्यासाठी जेवढा वेळ ती उभी राहील तेवढ्या वेळाची मजुरीही त्याचीच बुडते. नियमाचे पुण्य कंपनीच्या जाहिरातीत, नियमाचा खर्च चालकाच्या घरात! हुकूम ज्याच्यावर, खर्चही त्याच्यावर, हा साधा न्याय कायद्यात स्पष्ट लिहिला गेला पाहिजे.

तेव्हा नुसती टीका करून न थांबता आमचे मागणे आम्ही मांडतो. विजेच्या वाहनांसाठी जो सार्वजनिक पैसा खर्चावयाचा, तो दर वाहनामागे न देता दर उतारूमागे, दर किलोमीटरामागे द्यावा. जी संस्था अधिक माणसे वाहील तिला अधिक मिळावे. खाजगी विजेच्या मोटारीचा पथकर पूर्ववत् घ्यावा आणि तो सबंध पैसा बसच्या भाड्यासाठी राखून ठेवावा. महागड्या विजेच्या मोटारीवरचा मागे घेतलेला कर पुन्हा लावावा; उत्पन्न थोडे होईल तर थोडे, पण न्याय पुरा होईल. सायकलीवर कर मुळीच नसावा. बसच्या ठेक्यात चालकाचे शिक्षण, त्याचे वेतन व फेऱ्यांची नियमितता या अटी गाडीच्या बॅटरीच्या अटींइतक्याच कडक असाव्यात, आणि ताफ्याचा मोठा हिस्सा संस्थेच्या स्वतःच्या मालकीचा राहावा. रस्त्यावर बससाठी वेगळी वाट राखावी. कारण गर्दीत अडकलेली विजेची बस ही अखेर अडकलेलीच बस असते. आणि दरसाल सरकारने एक आकडा प्रसिद्ध करावा. राज्यात विजेची वाहने किती विकली गेली हा आकडा नको, तो कारखानदार देतीलच. बसने प्रवास करणाऱ्यांची संख्या वाढली की घटली आणि थांब्यावर त्यांना सरासरी किती मिनिटे उभे राहावे लागले, हा आकडा हवा.

शेवटी, ज्या सुशिक्षित मध्यम वर्गाच्या घरी हे मासिक वाचले जाते त्याच्याशी थोडे. एके काळी ट्रामच्या बाकावर वकील, शिक्षक, कारकून व गिरणीकामगार शेजारी शेजारी बसत, आणि ट्राम उशिरा आली तर वर्तमानपत्रांतून ओरड होई. कारण ओरडणाऱ्याच्या हाती लेखणी होती. आज लेखणीवाला थांब्यावरून उठून गेला आहे. त्यास विजेची मोटार हप्त्याने मिळते, पथकर माफ होतो, आणि वर पर्यावरणाची सेवा केल्याचे समाधान मिळते. थांब्यावर उरले आहेत ते मोलकरीण, रखवालदार, रुग्णालयातील परिचारिका, शाळकरी मुले आणि म्हातारी माणसे. त्यांची ओरड छापून येत नाही, आणि जी ओरड छापून येत नाही ती सरकारास ऐकू येत नाही. एकट्या मुंबईत ‘बेस्ट’ने रोज जाणाऱ्यांची संख्या पंचवीस-तीस लाखांच्या घरात आहे. एवढ्या माणसांचा प्रवास सुखाचा, स्वस्त व निर्धूर करणे हेच शून्य उत्सर्जनाच्या धोरणाचे पहिले काम आहे. ते झाल्यावर तिजोरीत काही शिल्लक राहिले, तर मोटारवाल्यांच्या सवलतीचा विचार अवश्य व्हावा. तोपर्यंत त्यांनी पथकर द्यावा, आणि बस आधी जाऊ द्यावी.